पाणी देणाऱ्यानं बसावं

चैत्र लागला की आमच्या गल्लीतल्या कडुलिंबाला फुलोरा येतो आणि चौकात पाणपोईचा फ्लेक्स चढतो. फुलोरा आपला वास देतो आणि काही मागत नाही. फ्लेक्सवर हात जोडलेल्या माणसांची दाटी असते. मधोमध कोणीतरी गॉगल लावून जनतेच्या तहानेकडं बघत असतो आणि खाली, लाल फडक्यात गुंडाळलेला एकुलता एक माठ असतो. पंधरवडा जातो. माठ आडवा होतो, फडकं उडून जातं, ग्लासाची साखळी तेवढी लोंबत राहते. वरची माणसं मात्र पावसाळ्यापर्यंत हसत असतात. नांदेडच्या उन्हात त्यांचे चेहरे उडून निळे पडतात, तेव्हा मला बरं वाटतं. चांगल्या माणसानं असं म्हणू नये. पण मी आता निवृत्त झालो आहे आणि चांगलं म्हणवून घ्यायची हौस फिटली आहे.

यंदा फुलोऱ्याबरोबर फोनही आला. नांदेड-लातूर रस्त्यावरच्या ज्या तालुक्याच्या गावात मी जन्मभर कॉलेजात मराठी शिकवलं, तिथल्या सेवा क्लबचे अध्यक्ष किशोरशेठ बोलत होते. क्लबचं नाव मी इथं देत नाही. ते दिसावं याची सोय क्लबनं गावभर करून ठेवलेली आहे. किशोरशेठ शेतं विकत घेऊन त्यांचे प्लॉट पाडतात. तो त्यांचा धंदा. सेवा ही आवड.

"सर, स्मरणिका काढून राहिलो," ते म्हणाले. "क्लबचा इतिहास आन् संस्थापक अप्पांचं चरित्र, दोन्ही एका पानात बसवा. चांगलं चांगलं लिहा."

"आणि वाईट?"

"तसलं काही नाहीच ना, सर," ते समाधानानं म्हणाले.

मग मी अप्पांना फोन लावला. अप्पा म्हणजे एसटी स्टँडसमोरचे कापड दुकानदार. नव्वदीला टेकलेत, पण कपाळावर भस्माचे पट्टे आणि जिभेला धार, दोन्ही जागच्या जागी. इतिहास लिहायचा म्हटल्यावर ते उखडले.

"इतिहासाला काय करायचं, मास्तर? माझे रांजन कुठं हायत तेवढं बघा. मागल्या साली क्लबवाल्यांनी उचलून नेले, आनून देतो म्हनले. ज्याला इचारावं तो म्हनतो, हाव अप्पा, बघतो अप्पा. ऊन तापलं की. मला बाजाराच्या दिवशी दुकानापुढं लावायचे हायत."

"नवे घ्या ना, अप्पा."

"नव्याला कच्च्या मातीचा वास येतो, पानी गोड लागत न्हाई. जुनं ते मुरलेलं हाय. ह्यो उन्हाळा मला बसायचं हाय, मास्तर. म्होरला कुनी बघितलाय?"

एवढंच त्यांचं मागणं होतं. फोन ठेवला आणि तो जुना उन्हाळा आपोआप समोर आला.

त्या गावातला माझा तो पहिलाच उन्हाळा. परीक्षा संपलेल्या, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे खोलीवर आलेले, आणि खोलीचं पत्र्याचं छप्पर दुपारी असं तापायचं की कवितेचं रसग्रहण तपासताना घामाचे थेंब विद्यार्थ्यांच्या चुकांवर पडायचे. म्हणून मी गठ्ठा घेऊन अप्पांच्या दुकानात जाऊन बसायचो. दुकानापुढं कडुलिंब होता. त्याच्याखाली बुटक्या दगडी ओट्यावर, वाळूच्या थरावर दोन भलेमोठे रांजण मांडलेले. अंगाला ओलं तरट गुंडाळलेलं. आत वाळ्याची जुडी सोडलेली. दुपारची बस येऊन थांबली की पत्र्याची, डिझेलची, माणसांच्या घामाची वाफ अंगावर यायची, आणि तिच्या पाठोपाठ रांजणाचा गार, ओल्या मातीचा वास. अजूनही कुठं ओलं तरट दिसलं की माझा हात आपोआप त्याच्यावर जातो.

हे रांजण अप्पांनी का मांडले, याबद्दल क्लबच्या प्रत्येक कार्यक्रमात एकच वाक्य ऐकवलं जातं: समाजाच्या तहानेनं अप्पांचं हृदय द्रवलं. हृदय वगैरे काही द्रवलं नव्हतं. अप्पा वैतागले होते. स्टँडवरचा हॉटेलवाला चहा घेतल्याशिवाय पाण्याला हात लावू द्यायचा नाही, त्यामुळं बाजाराला आलेली माणसं पाणी मागायला कापडाच्या दुकानात शिरायची. ओले हात कोऱ्या धोतरांवर पडायचे, पोरं गादीवर सांडवायची. एक दिवस कुणाच्या तरी लग्नाच्या शालूच्या घडीवर तांब्या कलंडला आणि अप्पांनी दुसऱ्या दिवशी कुंभारवाड्यातून रांजण आणवले. "आत नका येऊ, बाहीर प्या," ही क्लबची मूळ घोषणा. मला तर ती आवडते. तळमळीनं सुरू झालेल्या गोष्टी मी पुष्कळ पाहिल्या आहेत. वैतागानं सुरू झालेली ही एकच टिकली.

टिकली, कारण अप्पांनी तिला एक रीत लावून दिली होती. गावातले डॉक्टर, वकील, अडते एकेक करून येऊन म्हणायला लागले, आम्हालाही सेवा करायची आहे. अप्पा म्हणायचे, "करा की. बसा." म्हणजे अक्षरशः बसा. ओट्याखाली एक पाट होता. सभासद व्हायचं तर उन्हाळ्यातला एक अख्खा बाजाराचा दिवस त्या पाटावर बसून, लांब दांड्याच्या ओगराळ्यानं येणाऱ्याच्या ओंजळीत पाणी घालायचं. पिणारा समोर उकिडवा बसणार, देणारा पाटावर. दोघांचे डोळे एका पातळीवर. उभं राहून पाणी घातलेलं अप्पांना चालायचं नाही.

"हुबं ऱ्हाऊन वतलं की कुत्र्याला घातल्यावानी दिसतं," ते म्हणायचे. "आन् कोन हाय, कुठला हाय, इचारायचं न्हाई. तहान लागली म्हनून आलाय, सोयरीक जमवाया न्हाई."

त्या काळात, त्या गावात, हे शेवटचं वाक्य साधं नव्हतं. ओंजळ कुणाची ते बघून पाणी किती उंचावरून सोडायचं हे ठरवणारी माणसं तिथं होती. त्यांतलीच काही सभासद व्हायला आली, पाट बघितला आणि घरी गेली. राहिली ती मोजकी; तोच पहिला क्लब.

माझी पाळी आली त्या दिवशी मंगळवारचा बाजार होता. पाटावर बसल्यावर मला जग वेगळंच दिसलं. माणसांचे चेहरे नव्हे, आधी त्यांचे गुडघे दिसायचे. मग माणूस खाली यायचा, ओंजळ तोंडाला लागायची, डोळे मिटायचे आणि गळ्याची घाटी वरखाली व्हायची. तोंड गुंतलेलं असल्यामुळं पुरे कसं म्हणणार? तर माणसं बोटं थोडी विलग करतात. ओंजळीतून पाणी निसटायला लागलं की समजायचं, झालं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका मुखेडकडच्या बाईनं, मी ओततच राहिलो तेव्हा, डोळे उघडून असं काही बघितलं की मला कळलं.

धन्यवाद कुणी म्हणायचं नाही. एखादी म्हातारी पदरानं तोंड पुसत "पुन्न्य लागंल रं बाबा" म्हणायची, तर आतून कात्रीच्या आवाजाबरोबर अप्पांचा आवाज यायचा, "पुन्न्य ऱ्हाऊ दे, मावशे. सरक, मागं मानसं हायत." एकदा एक पोलीस जमादार जीपमधून उतरला आणि पाटासमोर उभा राहून त्यानं तांब्या मागितला. अप्पा बाहेर आले. तांब्या न्हाई म्हणाले, बसा म्हणाले. जमादारानं इकडंतिकडं बघितलं. ऊन असं होतं की त्याच्या बुटाखालचं डांबर चिकटत होतं. तो बसला. त्याचा पट्टा पोटात रुतला, तोंड लाल झालं, पण पाणी पोटात गेल्यावर त्याचेही डोळे इतरांसारखेच मिटले. एक उपरा म्हातारा मात्र पिऊन झाल्यावर कुरकुरला की पाणी पुरेसं गार नाही. "उद्या तुझ्यासाठी बर्फ आनतो," अप्पा म्हणाले, "आज हे पी." म्हातारा पुन्हा ओंजळ करून बसला.

आता हे सगळं एका पानात, चांगलं चांगलं करून बसवायचं.

घसरण कुठून सुरू झाली ते मला नेमकं सांगता येतं. आधी खुर्ची आली. एका वकिलाचे गुडघे दुखायचे. खरंच दुखायचे, बिचाऱ्याचे. मग ज्यांचे दुखत नव्हते त्यांचेही दुखायला लागले. खुर्चीवरून ओंजळीपर्यंत हात पोचेना, म्हणून माणसं उभी राहिली. उभं राहून पाय भरून यायचे, म्हणून दुकानातला नोकर पाठवला जाऊ लागला. नोकर पाणी घालणार, मालक शेजारी उभे राहून सेवा करणार. आणि शेजारी उभ्या माणसाला करण्यासारखं काहीच नसतं, म्हणून कॅमेरा आला. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तसा तो क्लब झाला.

पुढं तर त्यांनी कमालच केली. अर्धापूरच्या केळ्यांचे घड आणून ते सरकारी दवाखान्यात रुग्णांना फळवाटप करू लागले. एक केळं आणि त्याला धरलेले एवढे हात की केळं दिसत नाही. पलीकडून रुग्ण ते ओढतो आहे आणि हे लोक फोटो निघेपर्यंत सोडत नाहीत. दर पावसाळ्यात वृक्षारोपण, ते दर वर्षी त्याच खड्ड्यात, कारण खड्डा तयार असतो. भर वैशाखात कोट-टाय घालून पदग्रहण. कोटाच्या काखा भिजलेल्या, छातीवर बिल्ले, आणि मावळत्या अध्यक्षानं उगवत्या अध्यक्षाच्या गळ्यात पट्टा घालताना एवढा गंभीर चेहरा केलेला, की परक्याला वाटावं गावावर काही संकट आलं आहे. मी एकदा अप्पांना म्हणालो, "तुम्ही बोला की त्यांना." ते कापड मोजत होते. "म्या त्यास्नी बसा म्हनलो व्हतो," ते म्हणाले, "तेवढंच मला ठावं व्हतं." अप्पा बोलायला कधी भ्यायले नाहीत. पण न बसणाऱ्या माणसाशी काय बोलायचं, हे त्यांना सुचत नव्हतं. मात्र दर उन्हाळ्यात, क्लब कुठंही भटकत असला, तरी ते स्वतः पाटावर बसत राहिले.

मागच्या उन्हाळ्यात क्लबनं ते बसणंही संपवलं. रांजण जुनाट दिसतात, स्टँडची शोभा जाते, म्हणून ते उचलून लिंबाखाली स्टीलचा मोठा कूलर बसवायचा आणि त्यावर अप्पांचं नाव टाकायचं असं ठरलं. जागा अप्पांची, सावली अप्पांची, नावही अप्पांचं. आयजीच्या जिवावर बायजी उदार. अप्पा म्हणाले, नाव नको, पाणी ऱ्हाऊ द्या. त्यांना वाटलं, विनय आहे. टाळ्या वाजवल्या.

उद्घाटनाला मी गेलो होतो. मांडवात अप्पांच्या गळ्यात झेंडूचा हार, डोक्याला फेटा. प्रमुख पाहुणे लातूरहून निघाले होते. ते निघालेलेच होते, तासभर. कूलरला आडवी लाल फीत लावलेली, आत पाणी भरलेलं, गार झालेलं. एवढ्यात मुखेडची बस आली. चार-पाच बाया, कडेला लेकरं, सवयीनं लिंबाकडं वळल्या. त्यांना रांजण दिसेनात, कूलर दिसला. एकीनं नळाकडं हात केला, तर बिल्ला लावलेले एक गृहस्थ धावत आले.

"थांबा मावशी, उद्घाटन व्हायचंय अजून."

"लेकरू रडून राह्यलंय, दादा. घोटभर."

"फीत कापल्याबगर कसं देता येईल? पाहुणे येऊन राहिले, पाचच मिनिटं."

अप्पांनी व्यासपीठावरून हे बघितलं. "सोड की फीत," ते किशोरशेठना म्हणाले. किशोरशेठ त्यांच्या कानाशी वाकले आणि लहान मुलाला समजावतात तसे हसून म्हणाले, "अप्पा, प्रोटोकॉल असतो." अप्पा खुर्चीवरून उठायला लागले, तर दोघांनी त्यांना आदरानं धरून पुन्हा बसवलं. आदर हा असा असतो, त्यात माणसाला हलता येत नाही. बाया थोडा वेळ फितीकडं बघत थांबल्या आणि मग हॉटेलात गेल्या. हॉटेलवाल्याचा मुलगा आता गल्ल्यावर असतो, आणि तो बाटल्या विकतो. एवढ्या वर्षांनी त्याच्या बापाचंच खरं झालं.

तो कूलर आषाढापर्यंतही चालला नाही. काहीतरी जळालं, मेकॅनिकला कुणी बोलवायचं यावर बैठक झाली, बैठकीचा फोटो आला. आता त्याला जाळी लावून कुलूप ठोकलं आहे. जाळीच्या आत अप्पांचं नाव आहे.

तर यंदा स्मरणिकेच्या बैठकीला मी गेलो, ते रांजणांसाठी. बैठक किशोरशेठच्या फार्महाऊसवर होती. हिरवळीवर पाण्याचे फवारे चालू होते. फाटकाच्या दोन्ही बाजूंना दोन रांजण उभे होते. बाहेरून गेरूनं रंगवलेले, त्यावर पांढऱ्या रंगात फेर धरलेली वारली माणसं, आणि तोंडातून बोगनवेल बाहेर आलेली. एकाच्या काठाला टवका होता. तो टवका मला ठाऊक होता. त्या उन्हाळ्यात पाटावर बसल्या बसल्या मी दिवसभर त्याच्यावरून बोट फिरवलं होतं.

"अप्पांची आठवण म्हणून जपलेत, सर," किशोरशेठ म्हणाले. आणि ते खोटं बोलत नव्हते, हेच जास्त वाईट होतं.

"अप्पांना ते परत हवेत."

"न्या की. पण आता त्याचा काय उपयोग? तळाला भोक पाडलंय. नाहीतर पाणी साचून राहतं."

मी तिथूनच अप्पांना फोन केला. भोकाचं सांगितलं.  मला वाटलं, म्हाताऱ्याला हे सांगायला नको होतं.

"केवढं हाय?" अप्पांनी विचारलं.

"अंगठा जाईल एवढं."

"मग बुजतंय. सिमिट लावू. घेऊन या."

एका रांजणात बोगनवेलीची मुळं अशी घट्ट बसली होती की तो काढता काढता फुटला. टवक्याचा निघाला. टेम्पोत माझ्याशेजारी बसून तो गावात आला. अप्पांनी स्वतः बोटानं सिमेंट भरलं, वाळू बदलली, तरट गुंडाळलं. तरटाखाली वारली माणसं झाकली गेली, काठाजवळ तेवढे एकदोघांचे नाचते हात वर राहिले. तळाशी अजून जरा पाझरतं. अप्पांनी खाली एक परात ठेवली आहे, तिच्यावर चिमण्या येतात.

मंगळवारी बाजार होता. अप्पा पाटावर बसले, त्यांना खाली बसवायला दोघं लागले. धार ओंजळीत बरोबर पडत होती. दुपारच्या बसची माणसं ओळीनं उकिडवी बसत होती आणि उठत होती. मी दुकानाच्या पायरीवर बसून बघत होतो. पिताना त्यांचे डोळे अजून तसेच मिटतात.

तेवढ्यात पांढरी गाडी थांबली. किशोरशेठ उतरले, बरोबर क्लबचा गुंडाळलेला फलक घेतलेला एकजण. किशोरशेठनी खिशातून फोन काढला.

"अप्पा, असेच बसा, हलू नका. मुखपृष्ठाला हाच फोटो. पाठीमागं आपला फलक लावतो."

अप्पांनी ओगराळं भरलं आणि धरून ठेवलं. "बस," ते म्हणाले. "आधी पानी पी."

किशोरशेठनी खाली बघितलं. ओट्यापुढं चिखल झाला होता, त्यांची विजार पांढरी होती. आणि ओंजळीला दोन्ही हात लागतात, फोन कुठंतरी ठेवावा लागला असता. ते हसले.

"नको अप्पा, गाडीत बाटली आहे."

"मग सरक," अप्पा म्हणाले. "मागं मानसं हायत."

किशोरशेठ सरकले. त्यांच्या मागं डोक्यावर गाठोडं घेतलेली एक बाई उभी होती. तिनं गाठोडं खाली ठेवलं, उकिडवी बसली आणि ओंजळ पुढं केली.